मोल आणि मान: महासाथीतल्या काळजीच्या कामाची भाषा

‘केअर वर्कर’ या इंग्रजी जोडशब्दाला मराठीत प्रतिशब्द नाही, असे म्हणता येणार नाही. प्रतिशब्द भरपूर आहेत आणि अडचण तिथेच सुरू होते. रुग्णालयात ती परिचारिका असते, सिस्टर असते, आया किंवा मावशी असते. गावात ती आशाताई, अंगणवाडीत सेविका किंवा मदतनीस. शहरातल्या घरात ती कामवाली, बाई किंवा मोलकरीण. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांजवळ रात्रभर बसणारी असली, तर ‘ब्यूरोची बाई’. इंग्रजीत या सगळ्या जणींना एका छत्राखाली घेणारे एक नाव रुळले आणि संघटना बांधताना, कायदा मागताना ते उपयोगी पडले. मराठीत प्रत्येकीचे नाव वेगळे, दर्जा वेगळा, तिला हाक मारण्याची रीतही वेगळी. त्यामुळे महासाथीच्या काळात या विषयावरचे इंग्रजी मजकूर मराठीत आणताना मी पहिल्याच ओळीत अडत असे. ‘काळजी घेणारी’ म्हणावे तर ती घरातली सूनही असू शकते. ‘सेविका’ म्हणावे तर ‘वर्कर’ नाहीसा होतो. ‘कामगार’ म्हणावे तर वाचकाच्या डोळ्यांपुढे गिरणीचा भोंगा आणि निळा सदरा येतो, बाईच येत नाही.

या अडण्याचा विचार करता करता मी त्या दोन-तीन वर्षांतले मजकूर पुन्हा वाचले: शासनाची परिपत्रके, मोहिमांची नावे, संपाच्या बातम्या आणि मागण्या, न्यायालयाचा एक निकाल. असल्या मजकुराला आपण साहित्य म्हणत नाही. पण कोणाला काय नाव द्यायचे, कोणत्या क्रियापदाचा कर्ता कोणाला करायचे, हे प्रश्न कवितेइतकेच परिपत्रकातही सुटलेले किंवा चुकलेले असतात, आणि परिपत्रकातल्या शब्दनिवडीवर कोणाची तरी महिन्याची मिळकत अवलंबून असते. या वाचनातून माझ्या हाती एक गोष्ट लागली, ती अशी: मराठीत काळजीच्या कामाला जितके आदराचे नाव मिळते, तितका त्या नावातून पैसा वजा होतो.

सुरुवात ‘काळजी’पासूनच करू. इंग्रजी ‘केअर’प्रमाणे या शब्दातही चिंता आणि जपणूक असे दोन्ही अर्थ आहेत. पण मराठीने त्यांची वाटणी क्रियापदांत केली आहे. काळजी ‘करायची’ असते आणि काळजी ‘घ्यायची’ असते. काळजी करणारा दूर बसूनही ती करू शकतो. काळजी घेणाऱ्याला जवळ जावे लागते. हात लावावा लागतो, कूस बदलून द्यावी लागते, भांडे उचलावे लागते. महासाथीत हा भेद एकाएकी उघडा पडला. मुले परदेशातून फोनवर काळजी करत होती आणि आईची काळजी पगारी बाई घेत होती. आपण एकमेकांना निरोप देताना ‘काळजी घ्या’ म्हणू लागलो, तेव्हा त्या आज्ञार्थाचा कर्ता ‘तुम्ही’ होता. प्रत्यक्षात ज्या बाईने ती घेतली, ती त्या वाक्यात कुठेच नव्हती.

आता ‘आशा’ पाहू. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान २००५ साली सुरू झाले आणि साधारण हजार लोकसंख्येमागे एक अशी गावातलीच बाई आरोग्यव्यवस्थेशी जोडली गेली. तिचे नाव इंग्रजी आद्याक्षरांचे: ॲक्रेडिटेड सोशल हेल्थ ॲक्टिव्हिस्ट. शेवटचा शब्द ‘ॲक्टिव्हिस्ट’, म्हणजे कार्यकर्ती. लोकांना त्यांचे हक्क सांगणारी, प्रसंगी व्यवस्थेला जाब विचारणारी. आद्याक्षरे जुळून ‘आशा’ झाले आणि कार्यकर्ती त्या गोड नावात विरघळली. महाराष्ट्रातल्या सरकारी कागदांत ती ‘आशा स्वयंसेविका’ आहे. ‘स्वयं’ या उपसर्गाने काम तिच्या मर्जीचे झाले, ‘सेविका’ने ते पुण्याचे झाले. तिला मिळणाऱ्या पैशालाही त्याच घरातली नावे आहेत: मानधन, प्रोत्साहन भत्ता, कामावर आधारित मोबदला. वेतन हा शब्द कटाक्षाने बाहेर ठेवलेला आहे, कारण वेतन म्हटले की नोकरी आली, किमान दर आला, भविष्यनिर्वाह निधी आला, रजा आली.

हे फक्त मराठीत घडलेले नाही. या नियतकालिकाच्या वाचकांना शेजारच्या भाषांत डोकावण्याची सवय आहे, म्हणून दोन उदाहरणे देते. छत्तीसगडमध्ये ‘आशा’च्या आधी, २००२ साली, असाच एक कार्यक्रम सुरू झाला होता. त्यातल्या बाईचे नाव ‘मितानिन’. छत्तीसगडी समाजात दोन मुली किंवा दोन बाया विधिपूर्वक मैत्री जोडतात आणि ते नाते रक्ताच्या नात्याइतके मानतात. त्या नात्यातली मैत्रीण म्हणजे मितानिन. झारखंडमध्ये तिला ‘सहिया’ म्हणतात. तोही सखीपणाचाच शब्द. कार्यक्रमाचे नाव म्हणून दोन्ही शब्द सुंदर आहेत. परक्या इंग्रजी नावापेक्षा ते गावाला जवळचे वाटतात आणि दार उघडायला मदत करतात. पण विधीने जोडलेल्या मैत्रिणीला पगार कोण देतो? मितानिन सुरुवातीला बिनपगारीच काम करत होत्या. नाव निवडणाऱ्यांचा हेतू चांगला होता, यात मला शंका नाही. प्रश्न हेतूचा नाहीच. नात्याच्या शब्दाला हिशेब विचारणे असभ्य वाटते, हा त्या शब्दाचा स्वभाव आहे, आणि त्या स्वभावाचा फायदा तिजोरीला होतो.

‘सेवा’ या शब्दालाच दोष द्यावा, असे कोणी म्हणेल. ते मला पटत नाही. भारतीय प्रशासकीय सेवाही ‘सेवा’च आहे. तिथल्या सेवेला सेवाशर्ती आहेत, सेवाज्येष्ठता आहे, सेवानिवृत्तीनंतर निवृत्तिवेतन आहे आणि दर काही वर्षांनी वेतन आयोग आहे. कलेक्टर सेवा करतात म्हणून त्यांचा पगार मानधन होत नाही. तेव्हा शब्द एकच असूनही कोणाच्या तोंडी तो हक्क होतो आणि कोणाच्या माथी उपकार, हे काम कुठे चालते आणि कोण करते यावर ठरते. दफ्तरात बसून केली ती सेवा पगारी. उंबरठ्याच्या आत, बाळंतिणीच्या नाहीतर म्हाताऱ्याच्या खाटेजवळ केली ती मानाची. ‘मानधन’ हा शब्द आपण लेखक, वक्ते, परीक्षक, सरपंच यांच्यासाठी वापरतो. आम्हां अनुवादकांनाही मानधनच मिळते, त्यामुळे त्यातला ‘मान’ किती आणि ‘धन’ किती हे आम्हांला चांगले ठाऊक आहे. त्यामागचे गृहीत असे की या माणसाचे पोट दुसऱ्या कशावर तरी चालते. आशाताईच्या बाबतीत ते गृहीत ‘नवरा’ या शब्दात उभे असते, मग तो कमावता असो, आजारी असो की नसोच.

महासाथ आली तेव्हा ही सगळी नावे तशीच होती, आणि त्यांच्यावर आणखी एक चढले: ‘कोविड योद्धा’. टाळ्या वाजल्या, थाळ्या वाजल्या. योद्ध्याच्या रूपकावर तेव्हा पुष्कळ लिहिले गेले, म्हणून मी एकाच मुद्द्यापुरती थांबते. योद्ध्याकडून मरणाची अपेक्षा असते आणि त्याच्या मरणाची किंमत आधी ठरवून ठेवलेली असते. प्रधानमंत्री गरीब कल्याण पॅकेजात आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाख रुपयांचे विमासंरक्षण होते आणि त्यात आशाही होत्या. ती तरतूद योग्यच होती. पण त्याच काळात कोविडच्या जादा कामासाठी केंद्राकडून आशांना दरमहा १००० रुपयांचा प्रोत्साहन भत्ता होता. एकाच व्यक्तीसाठीचे हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचले, म्हणजे ‘योद्धा’ या शब्दाचे अर्थशास्त्र कळते. मरण लाखांत मोजले गेले, रोजचे चालणे हजारात.

महाराष्ट्रात १५ सप्टेंबर २०२० रोजी ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सुरू झाली. आरोग्यपथके घरोघर जाऊन माणसांचे तापमान आणि ऑक्सिजनची पातळी मोजणार, कोणाला मधुमेह वा रक्तदाब आहे का ते विचारणार, लक्षणे असलेल्यांना पुढे पाठवणार, असे तिचे स्वरूप होते. मोहिमेने केलेल्या कामाचे मोल मी कमी लेखत नाही. मी फक्त तिचे नाव वाचते आहे. चार शब्दांत ‘माझे’ आणि ‘माझी’ असे दोनदा येते. हे वाक्य बोलतो तो कुटुंबप्रमुख. त्याचे कुटुंब त्याच्या जबाबदारीत आहे, आणि राज्य त्याला त्याची आठवण करून देते आहे. पण मोहीम चालली ती दुसऱ्याच्या कुटुंबाचे तापमान मोजायला दारोदार गेलेल्या बायकांच्या पायांवर. त्या बाईने हे वाक्य म्हटले असते, तर त्याचा अर्थ उलटा झाला असता: माझे कुटुंब ही माझी जबाबदारी असेल, तर आज मी घरी थांबायला हवे. तापमापक आणि ऑक्सिमीटर घेऊन शंभर उंबरे ओलांडून ती संध्याकाळी घरी यायची, तेव्हा तिच्या लेकरांची आणि सासूची जबाबदारी कोणाची, याला घोषणेत जागा नव्हती. घोषणेतले ‘कुटुंब’ हे काळजी घेतले जाणारे कुटुंब होते. काळजी घेणारीलाही एक असते, हे तिला माहीत नव्हते.

उत्तर आले ते दुसऱ्या प्रकारच्या मजकुरातून. १५ जून २०२१ पासून महाराष्ट्रातल्या सुमारे ७० हजार आशांनी, गटप्रवर्तकांना बरोबर घेऊन, बेमुदत संप केला. दुसरी लाट नुकती ओसरत होती. २३ जूनला संप मिटला. आशांच्या मासिक मानधनात १००० रुपये वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता मिळाला. रकमेकडे पाहिले तर विजय मोठा म्हणवत नाही. पण समीक्षकाच्या नजरेने पाहिले तर त्या नऊ दिवसांत एक व्याकरणाची गोष्ट घडली. स्वयंसेविका संप करू शकत नाही. जी मर्जीने काम करते, तिने काम थांबवले तर तो संप होत नाही. फार तर ती आली नाही, एवढेच म्हणता येईल. संप फक्त कामगार करतो. तेव्हा ‘आशा स्वयंसेविकांचा संप’ अशी बातमी वर्तमानपत्रांनी छापली, त्या क्षणी त्या मथळ्यातल्या दुसऱ्या शब्दाने पहिला खोडला. सरकार बोलणी करायला बसले आणि तेही ते मान्य करून गेले. कागदावर मात्र वाढ मिळाली ती मानधनातच.

या शब्दखेळाचा सर्वांत जवळचा जोड मला सापडला तो अमेरिकेच्या कायद्यात. किमान वेतन आणि जादा कामाचा दर ठरवणारा तिथला कायदा १९३८चा. त्यात घरकाम करणारे नव्हते. त्यातल्या मोठ्या संख्येने असलेल्या कृष्णवर्णीय बायका त्यामुळे बाहेर राहिल्या. १९७४ साली दुरुस्ती होऊन घरकामगार आत आले, पण एक फट ठेवली गेली. वृद्ध किंवा अपंग माणसाला ‘कंपॅनियनशिप’, म्हणजे सोबत, देणाऱ्यांना कायदा लागू होणार नव्हता. कल्पना अशी की कोणी शेजारीण आजीजवळ बसते, गप्पा मारते, तिला कारखान्याचे नियम कशाला? पण त्या एका सोबतीच्या शब्दाखाली पुढे एक अख्खा व्यवसाय उभा राहिला. कंपन्यांकडून पाठवलेल्या, दिवसरात्र पाळ्या करणाऱ्या, उचलणे, नहाणे, औषध देणे असे सगळे करणाऱ्या बायका कायद्याच्या लेखी सोबतीणच राहिल्या. जमैकाहून आलेल्या अशा एका बाईने जादा तासांचे पैसे मागितले, तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २००७ साली ती हरली. २०१३च्या नियमाने ही फट बरीचशी बुजवली. तो अमलात यायला २०१५ उजाडले. छत्तीसगडची मैत्रीण आणि न्यूयॉर्कची सोबतीण एकमेकींना ओळखत नव्हत्या. पण दोघींच्या बाबतीत नात्याच्या शब्दाने एकच काम केले: तास मोजू दिले नाहीत.

अमेरिकेतल्या संघटनांनी यातून जो मार्ग काढला, तो मला भाषेच्या दृष्टीने फार विचार करायला लावणारा वाटतो. नॅशनल डोमेस्टिक वर्कर्स अलायन्स ही संघटना २००७ साली स्थापन झाली. तिच्या प्रमुखांपैकी एक, आय-जेन पू, यांनी पुढे ‘केअरिंग अक्रॉस जनरेशन्स’ नावाची मोहीम उभी केली, आणि तिच्यात कामगारांबरोबर वृद्ध, अपंग आणि काळजी घेणारी कुटुंबेही घेतली. घरकामगार ठेवणाऱ्या मालकांचीही ‘हँड इन हँड’ नावाची एक संघटना आहे, आणि ती कामगारांच्या मागण्यांच्या बाजूने उभी राहते. महासाथ आली तेव्हा ही बांधणी तयार होती. अलायन्सने मार्च २०२० मध्ये मदतनिधी काढला आणि काम गेलेल्या काळजी कामगारांना प्रत्येकी ४०० डॉलर दिले. पण तिथेच न थांबता त्यांनी सरकारपुढे मांडले ते असे: कुटुंबाला बाई परवडत नाही आणि बाईला पगार पुरत नाही, हे दोन प्रश्न नसून एकच आहे, रस्त्यापुलांवर सार्वजनिक पैसा लागतो तसा काळजीवरही लागतो. मार्च २०२१ मध्ये बायडन यांनी घरपोच काळजीसाठी ४०० अब्ज डॉलरचा प्रस्ताव मांडला. कनिष्ठ सभागृहात मंजूर होताना तो १५० अब्जांवर आला आणि सेनेटमध्ये अडला तो अडलाच. म्हणजे यशाची कथा ही नव्हे. पण ‘काळजी करणारे’ आणि ‘काळजी घेणारे’ एकाच अर्जावर सही करतात, हे वाक्य तिथे रचले गेले. आपल्याकडे ते अजून नीट रचले गेलेले नाही.

का रचले गेले नाही, याचा विचार करताना मला मार्च २०२०चे दिवस आठवतात. गृहनिर्माण सोसायट्यांनी दारे बंद केली. घरकाम करणाऱ्या बायकांचे काम रातोरात थांबले. काही घरांनी पगार चालू ठेवला, काहींनी अर्धा दिला, काहींनी फोनच उचलला नाही. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २९ मार्चच्या आदेशात मालकांनी टाळेबंदीच्या काळातले वेतन कपात न करता द्यावे, असे होते. पण त्या आदेशात मालक कोण? उद्योग, दुकाने आणि व्यापारी आस्थापना. घर त्या यादीत नव्हते. मेमध्ये तो आदेशही मागे घेतला गेला. म्हणजे लाखो बायका जिथे रोज कामाला जात होत्या ती जागा भाषेच्या लेखी कामाची जागाच नव्हती, आणि तिथला मालक मालक नव्हता. तो ‘दादा’ होता, ती ‘वहिनी’ होती. आणि दुसरीकडे त्याच घरात, बाई येणे बंद झाल्यावर, वहिनीच्या वाट्याला दिवसाचे चौदा तास आले. झोपून असलेल्या सासऱ्यांचे करणारी ब्यूरोची बाई न आल्याने जे हाल झाले ते सगळे त्या घराने सोसले. त्या वेळी त्या बाईचे मोल त्या घराला कळले. पण कळणे आणि मोजणे यांत अंतर असते. ते अंतर कायदा भरतो, आणि जूनमध्ये बाई परत आली तेव्हा जुन्याच दराने आली.

महाराष्ट्राला या बाबतीत अगदीच कोरा म्हणता येणार नाही. २००८ साली आपल्याकडे घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्याच्या नावात मराठी ‘घरकामगार’ न येता हिंदी ‘घरेलू’ आले, हे अनुवादकाला खटकते. पण ‘कामगार’ आले, हे महत्त्वाचे. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या टाळेबंदीच्या वेळी राज्याने नोंदणीकृत घरेलू कामगारांना १५०० रुपये जाहीर केले ते या नोंदणीमुळे शक्य झाले. जिची नोंद कामगार म्हणून होती, तिला कामगार म्हणून काही तरी मिळाले. जी नुसती ‘आमची बाई’ होती, तिला मालकिणीच्या मनावर राहावे लागले. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने २०११ साली घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार स्वीकारला. भारताने त्याच्या बाजूने मत दिले, पण त्याला मान्यता देऊन स्वतःवर तो बंधनकारक केलेला नाही.

इथे मला एका जुन्या, तुच्छतेने उच्चारल्या जाणाऱ्या शब्दाकडे यायचे आहे: मोलकरीण. सभ्य घरांत हा शब्द आता कोणी वापरत नाही. ‘मदतनीस’, ‘ताई’, ‘मावशी’ म्हणतात, आणि तसे म्हणण्यात खरे सौजन्य असू शकते. तरीही शब्द फोडून पाहा. मोल घेऊन काम करणारी ती मोलकरीण. सेविका, स्वयंसेविका, मदतनीस, मितानिन, सोबतीण या सगळ्या नावांत नसलेली गोष्ट फक्त या एका नावात आहे: पैसा. पुण्यात १९८० साली घरकाम करणाऱ्या बायकांनी पगारवाढीसाठी आणि रजेसाठी संप केला आणि त्यातून जी संघटना झाली तिने नाव घेतले ‘मोलकरीण संघटना’. अपमानाचा म्हणून टाकून देता येण्यासारखा शब्द त्यांनी फलकावर लिहिला. त्यामागे भाषाशास्त्र नसेल; लोक ज्या नावाने ओळखतात ते नाव त्यांनी घेतले असेल. पण ते नाव नेमके होते.

आपल्या लोकप्रिय कलेने या नावाचे काय केले ते पाहण्याजोगे आहे. १९६३च्या ‘मोलकरीण’ चित्रपटात आई आपल्याच मुलाच्या घरी मोलकरीण म्हणून राहते. प्रेक्षकाला रडू येते ते मोलकरणीसाठी नसते. आईला मोलकरीण व्हावे लागले, यासाठी असते. म्हणजे शोकाचे कारण पगार कमी असणे हे नाहीच. मोल हे लाजिरवाणे वस्त्र आहे, ते उतरले की आत माया आहे, असे कथेचे म्हणणे. ही कथा आपल्याला इतकी आवडते, कारण ती मालकाला मुलगा करून टाकते. मग थकलेल्या पगाराचे बोलणे कोण काढणार?

याच्या शेजारी बेबी हालदार यांचे ‘आलो-आँधारि’ ठेवावे. लेखिका गुडगावात घरकाम करत होत्या. हस्तलिखित बांगलात, पण पुस्तक आधी आले ते हिंदी अनुवादात, २००२ साली, आणि अनुवादक होते त्यांचे घरमालक प्रबोध कुमार. पुस्तकात त्या त्यांना ‘तातुश’ म्हणतात. पोलिश भाषेत बापाला हाक मारायचा हा शब्द. इथेही नाते आहे, तेही बापलेकीचे. तरी हे पुस्तक वर सांगितलेल्या चित्रपटासारखे वागत नाही. यातली बाई कोणाची हरवलेली आई निघत नाही. ती शेवटपर्यंत काम करणारी बाई राहते. घर बदलते, भाडे देते, मुलांच्या शाळेचे पाहते, पगाराचा विचार करते आणि लिहिते. ‘तातुश’ ही हाक त्या हिशेबाच्या जागी येत नाही, त्याच्या बरोबर राहते. हा फरक मला फार मोलाचा वाटतो, कारण नात्याचे शब्द खोटे असतात असे मला म्हणायचे नाही. महिनोन्महिने एखाद्या म्हाताऱ्या बाईचे केस विंचरून देणारीला तिच्याविषयी जे वाटते ते खरे असते. आशाताईला गावातल्या बाळंतिणीविषयी जे वाटते तेही खरे असते. ते खरे असते, म्हणूनच त्याचा गैरफायदा घेता येतो.

नाते आणि हिशेब एकत्र नांदू शकतात, हे कायद्याच्या भाषेतही एकदा लिहिले गेले. गुजरातमधल्या अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, मिळावी की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता. सरकारचे म्हणणे, यांना मिळते ते मानधन, वेतन नव्हे. न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांच्या पीठाने एप्रिल २०२२ मध्ये निर्णय दिला की त्यांना १९७२चा उपदान कायदा लागू होतो, आणि त्या कायद्यातल्या ‘वेतन’ या शब्दाच्या व्याख्येत हे मानधनही बसते. मी हा निर्णय अनुवादाच्या समीक्षेसारखा वाचते. समोर एक शब्द आहे, ‘मानधन’. न्यायालय विचारते: हा शब्द बाजूला ठेवला, तर इथे प्रत्यक्ष काय चालले आहे? बाई ठरलेल्या वेळी येते, नेमून दिलेले काम करते, वर्षानुवर्षे करते, महिन्याच्या शेवटी पैसे घेते. याला वेतन म्हणतात. शब्दाला शब्द न ठेवता शब्दामागच्या व्यवहाराला शब्द देणे, हे चांगल्या अनुवादकाचे काम त्या निर्णयाने केले. मात्र तो निर्णय उपदानापुरता आहे, आणि आशांचा प्रश्न त्यात नव्हता. नंतर महिन्याभरात, मे २०२२ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांना जागतिक आरोग्य नेतृत्वाचा पुरस्कार जाहीर केला. मान आणखी वाढला. धन मानधनच राहिले.

आता माझ्या पहिल्या अडचणीकडे. ‘केअर वर्कर’ला मी ‘काळजी कामगार’ लिहू लागले आहे. शब्द कानाला खडबडीत लागतो हे कबूल. एका संपादकांनी त्याजागी ‘शुश्रूषा सेविका’ सुचवले होते. ‘शुश्रूषा’ हा शब्द मला आवडतो. त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. दुसऱ्याचे ऐकायला तयार असणे म्हणजे काळजी, असे ज्या भाषेने म्हटले तिच्याविषयी आदरच वाटतो. पण त्या शब्दात ऐकायचे तिनेच. तिचे कोणी ऐकावे अशी सोय नाही. म्हणून ‘कामगार’ सोडायला मी तयार नाही. परकेपणाची भीती दाखवणाऱ्यांना मी ‘आया’ आणि ‘पगार’ यांची आठवण करून देते. दोन्ही शब्द पोर्तुगीजांकडून आले आणि इतके घरचे झाले की कोणाला शंकाही येत नाही. आया आपण घेतली, पगारही घेतला. दोघांची गाठ घालून द्यायचे तेवढे राहिले.

या विषयावर लिहिणाऱ्या, अनुवाद करणाऱ्या इतर भाषांतल्या सहकाऱ्यांना माझी सूचना साधी आहे. बाई स्वतः बोलत असेल, तिथे तिच्या तोंडची नाती तशीच ठेवावीत. ती कोणाला आजी म्हणते, कोणाला तातुश, ते तिचे तिला ठाऊक. पण तिच्याविषयी दुसरे कोणी बोलत असेल, शासन, संस्था, पुरस्कार देणारे किंवा आपण स्वतः, तिथे प्रत्येक आदरार्थी नावापुढे थांबून विचारावे की यात मोल कुठे आहे. दिसले नाही, तर ‘मानधन’ला वेतन म्हणावे, ‘स्वयंसेविके’ला कामगार म्हणावे. शब्द बदलल्याने पगार वाढत नाही, हे खरे. पण मागणीपत्र शेवटी शब्दांतच लिहावे लागते, आणि तिथे वेतन हा शब्द हाताशी असला तर मागताना विनवणी करावी लागत नाही.